फ्रंट लोड वॉशिंग मशीन घरी आणताय? जागा मोजण्यापासून ते महिन्याच्या सफाईपर्यंत सगळं

फ्रंट लोडबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं ऐकू येतात. एकजण सांगतो कपडे एकदम छान निघतात, पाणी निम्म्याहून कमी लागतं, दुसरा सांगतो वास मारतं, थरथरतं, तीन तास घेतं आणि रिपेअरिंग महाग. गंमत म्हणजे बरेचदा दोघांकडे एकच मॉडेल असतं. फरक पडतो तो मशीन बसवताना काय केलं आणि रोज साबण किती टाकला, दार उघडं ठेवलं की नाही यावर, आणि हे सगळं आपल्या हातात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांनी अजून घेतलं नाहीये त्यांनी सुरुवातीपासून वाचा, ज्यांच्याकडे आहे त्यांनी सरळ साबणाच्या भागापासून वाचलं तरी चालेल.

आधी टेप घ्या

शोरूममध्ये जायच्या आधी घरात मोजमाप करा. साधारण फ्रंट लोड मशीन ६० सेंटीमीटर रुंद आणि ८५ सेंटीमीटर उंच असतं, खोली मॉडेलप्रमाणे ४५ ते ६५ च्या आसपास. ६० सेंटीमीटर म्हणजे जवळपास २४ इंच झाले, आणि आपल्या फ्लॅटमधल्या बाथरूमची, ड्राय बाल्कनीची दारं दोन ते अडीच फुटी असतात, त्यातून चौकट वजा करा, उघडलेल्या दाराची जाडी वजा करा, मग दोन फुटी दारातून मशीन आत जातच नाही. डिलिव्हरीवाले मशीन दारात ठेवून निघून जातात आणि मग हॉलमध्ये आठवडाभर खोका. स्लिम मॉडेल घेतलं तर खोली कमी असते, म्हणजे ते आडवं फिरवून आत नेता येतं, तेव्हा दाराची मोकळी जागा नीट मोजा.

मागे पाइपसाठी चार इंच तरी हवेत. आणि पुढे मशीनचं दार पूर्ण उघडून त्यासमोर माणसाला वाकता आलं पाहिजे, म्हणजे दीड फूट दाराला आणि वर माणसाला जागा. घरात गुडघ्याचा त्रास असलेलं कोणी मशीन लावणार असेल तर खाली सहा-आठ इंचाचा पक्का विटा-सिमेंटचा ओटा करून घ्या, वर टाइल लावून एकदम लेव्हलमध्ये. वाकणंही कमी होतं आणि बाल्कनी धुताना, पावसात पाणी आलं तर ते मशीनच्या पोटाखाली जात नाही. चाकांचं स्टँड मात्र घेऊ नका. विकणारे खूप आग्रह करतात, पण १२०० च्या स्पिनला, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांना, चाकांवर उभं असलेलं मशीन हलणारच, आणि ते हलणं शेवटी बेअरिंगवर, म्हणजे ड्रम ज्यावर फिरतो त्या भागावर येतं.

पाण्याचं प्रेशर, आणि पाणी कसलं आहे

बहुतेक कंपन्या मॅन्युअलमध्ये कमीतकमी ०.३ ते १ बार प्रेशर मागतात, तुमच्या मॉडेलचा आकडा बघून घ्या. टाकी नळापेक्षा १० मीटर वर असेल तर साधारण १ बार मिळतं, ३ मीटर वर असेल तर ०.३. म्हणजे सात मजली बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्याला काही प्रश्न नाही पण सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम डोक्यावरच असते, तिथे मशीन पाणी भरता भरता थकतं आणि पाणी येत नाही असा एरर देऊन थांबतं. घरच्या घरी टेस्ट करायची तर ज्या नळाला मशीन लावणार तो पूर्ण उघडून खाली मापाची बादली लावा आणि मोबाइलवर एक मिनिट लावा, आठ लिटर किंवा जास्त भरलं तर निश्चिंत राहा. फारच कमी असेल तर बूस्टर पंप लागेल, आणि तो लावायच्या आधी सोसायटीत विचारून घ्या. हे सगळं मशीन घ्यायच्या आधी कळायला हवं.

दुसरी गोष्ट जड पाणी. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला पांढरा थर दिसतोच, साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात. तोच थर मशीनच्या हीटरवर बसतो. क्षारांचं कवच चढलं की हीटरची उष्णता पाण्यात नीट जात नाही, तो स्वतःच जास्त तापतो आणि एक दिवस जातो. पुण्यात-ठाण्यात बऱ्याच सोसायट्यांमध्ये महापालिकेचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळ्या लाइनीने येतं, तुमच्याकडे तसं असेल तर प्लंबरला सांगून मशीनला महापालिकेच्या पाण्याचीच लाइन द्या, ह्याइतका स्वस्त आणि चांगला उपाय दुसरा नाही. तशी सोय नसेल तर नळ आणि मशीनचा पाइप यांच्यामध्ये लावायचा स्केल फिल्टर मिळतो, तो पाणी मऊ करत नाही पण क्षार चिकटून बसणं कमी करतो, आतला माल संपला की बदलावा लागतो आणि हे बदलायचंच लोक विसरतात. टीडीएस मीटरवर फार विसंबू नका, टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच, आपल्याला त्रास देतं ते त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम.

वीज आणि अर्थिंग, इथे कंजूषी नको

मशीनमध्ये साधारण २००० वॅटचा हीटर असतो. त्याला १६ अँपिअरचा मोठा पॉइंटच लागतो, लहान पिनच्या पॉइंटवर कन्व्हर्टर लावून किंवा एक्स्टेंशन बोर्डवर चालवू नका, वायर गरम होते. ओल्या जागेत, ओल्या हाताने, अनवाणी आपण या मशीनला हात लावतो, त्यामुळे अर्थिंग नसेल तर ते आधी करून घ्या आणि मग मशीनचा खोका उघडा. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजायला सांगा, ते जेमतेम एक-दोन व्होल्ट असायला हवं, जास्त असेल तर अर्थिंग कमजोर आहे. जुन्या वाड्यात, जुन्या चाळीत पॉइंटला तीन भोकं असतात पण तिसऱ्याला मागे वायरच जोडलेली नसते, हे फार कॉमन आहे. ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घेतलात तर अजून उत्तम, लहान मुलं असलेल्या घरात तर मी हे अत्यावश्यकच म्हणेन.

बसवायला माणूस येईल तेव्हा शेजारी उभे राहा

पहिलं काम, मागचे ट्रान्झिट बोल्ट. फ्रंट लोडच्या आत ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि खाली शॉक अॅब्सॉर्बर असतात, वर-खाली काँक्रीटचे जड ठोकळे असतात म्हणून तर मशीनचं वजन साठ-सत्तर किलो भरतं. प्रवासात हा ड्रम हलू नये म्हणून कंपनी मागून तीन-चार लांब बोल्ट लावून तो घट्ट पकडून ठेवते. हे बोल्ट काढल्याशिवाय मशीन चालू केलं तर पहिल्याच स्पिनला ते बाल्कनीभर नाचतं आणि आतलं काहीतरी मोडतं. काढलेले बोल्ट तुमच्या हातात घ्या, मोजा, भोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या लावल्या का बघा, आणि बोल्ट एका पिशवीत घालून बिलासोबत ठेवून द्या, कारण पुढे कधी घर बदललं तर हेच बोल्ट परत लावून मशीन हलवायचं असतं. पॅकर्सवाले ते लावत नाहीत, आपण लावून द्यायचे.

दुसरं काम लेव्हल. ड्राय बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो, त्यामुळे चारही पाय सारखे ठेवून मशीन कधीच सरळ बसत नाही. मशीनवर स्पिरिट लेव्हल (बुडबुड्याची पट्टी) ठेवा, आडवी आणि उभी दोन्हीकडून, पाय फिरवून बुडबुडा मधोमध आणा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांवर हात टेकून दाबून बघा, मशीन डुगडुगायला नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पायावरचा लॉकनट पान्याने वर मशीनच्या तळाला घट्ट आवळायचा. हा नट सैल राहिला तर पाय हळूहळू फिरून लेव्हल जाते आणि महिन्याभरात मशीन आवाज करायला लागतं. पायाखाली पुठ्ठा, लाकडाचा तुकडा असलं काही सरकवू नका.

तिसरं, पाण्याचे पाइप. इनलेट पाइप नळाला लावताना आत रबरी वॉशर आहे ना बघा आणि हातानेच घट्ट करा, पान्याने फार आवळला तर प्लॅस्टिकचे आटे जातात. ड्रेनचा पाइप मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवर, साधारण जमिनीपासून ६० ते १०० सेंटीमीटर, वर वळवून मग खाली सोडायचा. आपल्याकडे सर्रास तो जमिनीवरच नानी ट्रॅपमध्ये टाकून देतात. बऱ्याच मॉडेलमध्ये तसं केलं की भरलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन बाहेर जातं, मशीन पाणी घेतच राहतं, आणि आपण म्हणतो दोन तास झाले अजून सुरूच आहे. काही कंपन्या जमिनीवर सोडलेला चालतो असं सांगतात, त्यांच्या मशीनमध्ये मागे पाइपला वर वळण दिलेलं असतं. तर विचारून घ्या.

हे झालं की कपडे न घालता, थोडासा साबण टाकून, ६० डिग्रीला एक रिकामी धुलाई करा. फॅक्टरीत टेस्टिंगचं पाणी, ग्रीसचा वास काय असेल तो निघून जातो आणि त्याच वेळी कुठे गळतंय का तेही कळतं. पहिल्या धुलाईला घरात कोणीतरी थांबाच.

कपडे किती घालायचे

८ किलोचं मशीन म्हणजे कोरडे सुती कपडे ८ किलो, तेही कॉटन प्रोग्रॅमलाच. सिंथेटिक किंवा मिक्सला त्याच्या निम्मे, नाजूक कपड्यांना आणि लोकरीला अजून कमी. वजनकाटा घेऊन बसायची गरज नाही, कॉटनला ड्रम सैलसर भरा आणि वरून हात आत घाला, कपडे आणि ड्रमचं छत यांच्यामध्ये पंजा उभा मावला पाहिजे. मिक्सला अर्धा ड्रम. फ्रंट लोडमध्ये कपडे वर जाऊन खाली आपटतात, तेच त्याचं धुणं आहे, धोबी घाटावर आपटतो तसंच, आणि गच्च भरलेल्या ड्रममध्ये कपड्याला पडायला जागाच राहिली नाही तर नुसता एक गोळा गोल फिरत राहतो आणि मधले कपडे कोरडेच निघतात.

अगदी कमी घातले तरी त्रास होतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एकटी सोलापुरी चादर, एकटा बाथमॅट, एकटी जीन्स टाकली तर पाणी पिऊन सगळं वजन एका बाजूला येतं, मशीन दहा वेळा ते पसरवायचा प्रयत्न करतं आणि शेवटी स्पिन न करता थांबतं. हे बिघडलेलं नाहीये, ते स्वतःला वाचवतंय. चादरीसोबत दोन-तीन टॉवेल टाका, वजन सगळीकडे सारखं होतं. जाड गोधडी मात्र घालू नका, ओली झाल्यावर ती इतकी जड होते की बेअरिंगला सोसत नाही, आणि आतल्या जुन्या साड्यांचे थर गोळा होतात ते वेगळंच. तिच्यासाठी धुण्याचा दगड किंवा मोठा टबच बरा.

घालताना प्रत्येक खिसा तपासा. ब्लाउजचे हुक लावा, पॅंटची चेन लावा, सेफ्टी पिना काढा. ब्राची वायर ड्रमच्या भोकातून खाली घुसते आणि मग ड्रम अडतो किंवा खरखरतो, ती काढायला कधीकधी मशीन पूर्ण उघडावं लागतं, म्हणून असले कपडे जाळीच्या पिशवीत घालूनच टाका. लहान बाळाचे मोजे, रुमाल हेही पिशवीत. साडी असेल तर सैल घडी घालून पिशवीत, नाहीतर ती बाकीच्या कपड्यांभोवती दोरीसारखी गुंडाळते, नऊवारी तर नक्कीच. पैठणी आणि रेशमी साड्या यात टाकायच्याच नाहीत.

साबण, हा भाग नीट वाचा

वास, काळी बुरशी, कपड्यांवर पांढरे पट्टे, अंगाला खाज, धुलाईला लागणारा जास्तीचा वेळ, या सगळ्याच्या मुळाशी बऱ्याच घरांत एकच गोष्ट असते, जास्त साबण. बादलीत भिजवायची सवय असल्यामुळे फेस दिसला नाही की आपल्याला वाटतं कपडे निघालेच नाहीत, आणि आपण अजून एक चमचा टाकतो. पण फ्रंट लोडमध्ये पाणी खूपच कमी असतं, काचेतून बघितलं तर तळाशी दिसतंय न दिसतंय इतकं, आणि फेस झाला की तो उशीसारखा मध्ये येतो, कपडे आपटतच नाहीत. मशीनला फेस कळला की ते जास्तीचं पाणी घेऊन तो काढत बसतं, म्हणून वेळ वाढतो. उरलेला साबण ड्रमच्या मागे, बाहेरच्या टबला, रबराच्या घडीत चिकटतो आणि त्यावर बुरशी वाढते. ड्रमला मागून धरणारा तीन पायांचा जो अॅल्युमिनियमचा स्पायडर असतो तो याच ओल्या थराखाली हळूहळू कुरतडला जातो आणि काही वर्षांनी मोडतो. म्हणजे साबणाचा तो जास्तीचा चमचा शेवटी मशीनच्या मुळावर येतो.

तेव्हा पाकिटावर फ्रंट लोड लिहिलेलाच साबण आणा, सर्फ एक्सेल मॅटिक, एरियल मॅटिक वगैरे सगळ्यांचे फ्रंट लोडचे वेगळे प्रकार मिळतात, पावडर किंवा लिक्विड. हाताने धुवायची साधी पावडर अजिबात नको, तिला फेसच जास्त यावा अशी बनवलेली असते. पाकिटावर मळकट कपड्यांना, पूर्ण लोडला जे माप दिलेलं असतं ते रोजच्या ऑफिसच्या, घरातल्या कपड्यांना लागत नाही, त्याच्या निम्म्यापासून सुरू करा आणि कपडे बघून थोडं वाढवा. बोअरचं पाणी असेल तर जास्त लागतो हे खरं, कारण थोडा साबण क्षारांमध्येच वाया जातो, तिथे सुती पांढऱ्या कपड्यांना साबणासोबत एक छोटा चमचा धुण्याचा सोडा टाकला तर साबण वाढवावा लागत नाही. लोकर आणि रेशमाला सोडा नको. बरोबर पडलाय का हे बघायची सोपी खूण, शेवटच्या खळबळण्याच्या वेळी काचेवर फेस दिसत असेल तर साबण जास्त झाला. दुसरी खूण, एखादा धुतलेला टॉवेल परत नुसत्या पाण्यावर फिरवा, फेस आला तर इतके दिवस किती साबण टॉवेलातच राहत होता ते समोर दिसतं.

ड्रॉवरमध्ये तीन कप्पे असतात. रोमन दोनचा आकडा असतो तो मुख्य धुलाईचा, साबण तिथेच. एकचा कप्पा प्रीवॉशसाठी, म्हणजे मुख्य धुलाईच्या आधीच्या छोट्या धुलाईसाठी, प्रीवॉश निवडला नसेल तर त्यात टाकलेला साबण तसाच राहील नाहीतर भलत्याच वेळी जाईल. फुलाचं चित्र असलेला सॉफ्टनरचा, म्हणजे कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा, आणि सॉफ्टनर मी तर टॉवेलना मुळीच वापरत नाही, त्याने तंतूवर थर बसून टॉवेल पाणी शोषत नाही. लिक्विड वापरत असाल तर दोनच्या कप्प्यातली पट्टी खाली करायची असते, नाहीतर ते पाणी यायच्या आधीच वाहून जातं.

कुठला प्रोग्रॅम कधी

पंधरा-वीस प्रोग्रॅम दिलेले असले तरी घरात चारच लागतात. रोजच्या मिक्स कपड्यांना मिक्स किंवा डेली, ३० किंवा ४० डिग्री. चादरी, अभ्रे, टॉवेल, आतले कपडे यांना पंधरा दिवसांतून एकदा तरी कॉटन ६० डिग्री, धुळीतल्या किड्यांची अॅलर्जी असणाऱ्यांच्या घरी तर चादरींना प्रत्येक वेळी ६०. एकदाच घातलेल्या, नुसता घाम आलेल्या कपड्यांना क्विक, पण क्विकला दोन-तीन किलोच घाला. आणि चौथा नुसता रिन्स-स्पिन, म्हणजे साबणाशिवाय खळबळून पिळणं. रोज क्विकवरच मशीन चालवणाऱ्यांच्या मशीनला वास लवकर येतो कारण गरम पाणी आत कधी जातच नाही.

वेळ जास्त लागतो म्हणून वीज जास्त जाते हा गैरसमज आहे. ड्रम फिरवायला फार वीज लागत नाही, पाणी तापवायला लागते. १५ लिटर पाणी २५ वरून ४० डिग्रीला न्यायला साधारण पाव युनिट लागतं, तेच ६० ला न्यायचं तर सव्वादोन पटीहून थोडं जास्त, म्हणजे ०.६ युनिटच्या आसपास. इको प्रोग्रॅम तीन-साडेतीन तास चालतो तो यामुळेच, कमी तापमानात साबणाला जास्त वेळ काम करू देतो. घाई नसेल तेव्हा तोच लावा.

डागांचं एवढंच लक्षात ठेवा, रक्ताचा डाग कधी गरम पाण्यात टाकायचा नाही, तो पक्का होतो, आधी थंड पाण्यात. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नका, धुवून कडक उन्हात वाळत घाला, ऊन हळदीचा रंग उडवतं. नवीन सुती कपडे, ब्लॉक प्रिंटचे कुर्ते दोन-तीनदा वेगळेच धुवा. होळीच्या रंगाचे कपडे आधी बाहेर बादलीत खळबळून मगच मशीनमध्ये.

स्पिन रोज कमाल ठेवायची गरज नाही. शर्टांना ८०० पुरतं, चुण्या कमी पडतात आणि इस्त्री सोपी जाते. टॉवेल-चादरींना १०००-१२००. पावसाळ्यात मात्र स्पिनच खरा आधार, कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत तेव्हा १२०० किंवा १४०० ला धुऊन वर अजून एक नुसता स्पिन मारला की कपडे पंख्याखाली रातोरात वाळतात. धुलाई संपली की कपडे लगेच काढा, ओले तासनतास आत राहिले की कुबट वास येतो आणि तो परत धुतल्याशिवाय जात नाही.

धुऊन झाल्यावरची पाच मिनिटं

दाराच्या रबराची घडी बोटाने उलटून आत जुन्या सुती फडक्याने पुसा, खालच्या बाजूला जास्त, तिथेच पाणी, केस, पिना साचतात. दाराची काच पुसा. ड्रॉवर थोडा बाहेर ओढून ठेवा. आणि दार उघडं ठेवा, निदान चार बोटं, पुढच्या धुलाईपर्यंत. फ्रंट लोडचं दार हवाबंद असतं, आत ओल राहिली आणि दार लावलं की बुरशी येणारच. घरात रांगतं मूल असेल तर उघड्या दाराची काळजी वेगळी घ्या, दाराला आडवी दोरी किंवा लॉक लावा म्हणजे दार चार बोटंच उघडं राहील, मूल आत शिरू शकणार नाही, आणि पॉवर पॉइंट बंद. पाण्याचा नळही प्रत्येक वेळी बंद करा, इनलेट पाइप कधी फुटला तर घरात आणि खालच्यांच्या छतातून पाणी. वर प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं असेल तर मशीन पूर्ण कोरडं झाल्यावरच.

कामवाल्या मावशी मशीन लावत असतील तर साबणाच्या डब्यात मापाचाच चमचा ठेवा आणि त्यांना एकदा सोबत बसून सगळं दाखवा, का ते पण सांगा. नुसतं एवढाच टाका म्हटलं तर मळकट कपडे बघून कोणीही चमचा वाढवणारच.

महिन्याला एकदा

खाली उजव्या नाहीतर डाव्या कोपऱ्यात छोटी झडप असते, तिच्या मागे ड्रेन पंपाचा फिल्टर. मशीन बंद करा, प्लग काढा, पाणी गरम नाही ना बघा. खाली पसरट ताट किंवा ट्रे ठेवा, छोटी नळी असेल तर तिचं बूच काढून पाणी आधी त्यात काढा, मग फिल्टर डावीकडे हळूहळू फिरवत बाहेर काढा. आत नाणी, पिना, हुक, केसांचे गोळे, टिकल्या, मंगळसूत्राचे काळे मणी असं सगळं सापडतं. धुवा, आतला पंख्याचा भाग बोटाने मोकळा फिरतो का बघा, परत घट्ट बसवा. पाणी जात नाही, स्पिन होत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत कितीतरी वेळा फक्त हाच फिल्टर भरलेला असतो आणि माणूस येऊन तेवढं करून व्हिजिटचे पैसे घेऊन जातो.

त्याच दिवशी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासा, आणि नळाकडून आलेल्या पाइपचं मशीनच्या मागचं टोक सोडवून आतली छोटी जाळी धुवा. मे महिन्यात टँकरचं गढूळ पाणी येतं तेव्हा, किंवा पुण्यात देखभालीसाठी बरेचदा गुरुवारी पाणी बंद ठेवतात त्यानंतर पहिलं पाणी लालसर-मातीचं येतं तेव्हा ही जाळी पटकन भरते. त्या दिवशी मशीन लावूच नका, आधी नळातून पाणी जाऊ द्या.

मग टब क्लीन, रिकाम्या ड्रमने, मशीनमध्ये असेल तर तोच प्रोग्रॅम नाहीतर कॉटन ९०. जड पाणी असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा डिस्केलिंग, म्हणजे क्षारांचा थर काढणं, बाजारात पावडर मिळते, किंवा वाण्याकडचं लिंबूसत्व, जे ढोकळ्यात घालतात तेच, साधारण १०० ग्रॅम ड्रममध्ये टाकून रिकामं ६० डिग्रीला चालवा. ब्लीच आणि लिंबूसत्व एकत्र कधीही नको, विषारी वायू होतो. व्हिनेगरच्या बाटल्या ओतायचा सल्ला खूप जण देतात पण सारखं वापरलं तर रबराला चांगलं नाही.

उंदीर, पाली आणि लाइट जाणं

बऱ्याच मशीनचा तळ उघडा असतो, उंदीर खालून शिरून वायर आणि रबरी नळ्या कुरतडतात आणि हे वॉरंटीत बसत नाही. खाली बसणारी जाळी किंवा ट्रे सुरुवातीलाच बसवून घ्या, ड्रेन पाइप नानी ट्रॅपमध्ये जातो तिथली फट बंद करा. पाल सर्किट बोर्डवर गेली तरी बोर्ड जातो, म्हणून बाल्कनीत मशीनभोवती अडगळ ठेवू नका.

मध्येच लाइट गेली तर दार उघडत नाही, ओढू नका. बहुतेक मशीन लाइट आल्यावर जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू होतं. बराच वेळ येणार नसेल आणि कपडे काढायचेच असतील तर खालच्या फिल्टरकडून आधी पाणी काढा, मग त्याच झडपेच्या मागे बऱ्याच मॉडेलमध्ये दार उघडायची पट्टी असते ती ओढा. पाणी आत असताना मात्र नाही. एरवीही धुलाई संपल्यावर दाराचं लॉक सुटायला एक-दोन मिनिटं लागतात, तेवढं थांबा.

बिघाड आणि खर्च

१० वर्षं वॉरंटी असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ती बहुतेक वेळा फक्त मोटरची असते, आणि ब्रशलेस मोटर तशीही क्वचितच जाते. जातात त्या गोष्टी म्हणजे ड्रेन पंप, दाराचं लॉक, दाराचं रबर, हीटर, सर्किट बोर्ड आणि बेअरिंग. पहिल्या चार तशा परवडणाऱ्या, बोर्ड आणि बेअरिंग महाग. घेताना विचारा की बोर्डवर वॉरंटी किती वर्षं आणि बाहेरचा टब उघडणारा आहे की जोडून बंद केलेला, कारण बंद टबात बेअरिंग गेलं तर बऱ्याचदा अख्खा टब बदलायला सांगतात.

बेअरिंग जायला लागल्याची खूण म्हणजे स्पिनला हळूहळू वाढत जाणारा घरघराट, विमान उडायच्या तयारीत असावं असा. मशीन बंद करून ड्रम हाताने फिरवा, खरखर लागली किंवा ड्रम वर-खाली हलवल्यावर खुळखुळला तर तेच आहे. असं मशीन तसंच ओढत चालवू नका, ड्रम बाहेरच्या टबला घासायला लागला की मग दुरुस्तीचा काही उपयोग राहत नाही. आवाजाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा, एक एस्टिमेट कंपनीच्या सर्व्हिसकडून आणि एक ओळखीच्या चांगल्या मेकॅनिककडून घ्या, बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या आणि नवीन पार्टवर किती महिन्यांची गॅरंटी आहे ते बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.